पुन्हा गॅस भरायचा की फ्रिजच बदलायचा?

वाचकाचं पत्र

नमस्कार. माझे दोन फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत. पहिल्यात एक जोडपं आणि त्यांचं आठ महिन्यांचं बाळ राहतं. तिथला फ्रिज ९ वर्षांचा. गेल्या वर्षी गॅस भरून घेतला होता, आता पुन्हा थंड करत नाही. मेकॅनिक म्हणतो, गॅस संपलाय, भरून देतो. खर्च सांगितलाय तो नव्या फ्रिजच्या किमतीच्या साधारण एक तृतीयांश. त्याच घरातला ११ वर्षांचा गीझर खालून ठिबकतोय आणि भिंतीवर तपकिरी ओघळ आलाय. दुसऱ्या फ्लॅटमधलं फ्रंट लोड वॉशिंग मशीन ६ वर्षांचं. कपडे पिळताना इतकं घरघरतं की खालच्या मजल्यावरून तक्रार आली. बेअरिंग गेलंय म्हणतात. माझे मिस्टर म्हणतात, चालतंय तोवर चालवू. भाऊ म्हणतो, तिन्ही नवी आणून टाक, कटकट मिटेल. दुरुस्ती नव्याच्या निम्म्याहून महाग असेल तर नवं घ्यायचं, असा नियम मी ऐकलाय. तो पाळू का? आणि यातलं काही भाडेकरूंकडून मागावं का?
एक घरमालकीण

उत्तर

नमस्कार ताई,

तीन यंत्रांची तीन वेगळी उत्तरं आहेत. ती आधी देते, कारण त्यातल्या एकाला थांबायला वेळ नाही. गीझरचा स्विच आत्ता बंद करायला सांगा आणि नवा मागवा. फ्रिजमध्ये गॅस भरून घेऊ नका. आधी खरंच गॅस गेलाय का ते पाहून घ्या, आणि गेलाच असेल तर पैसे नव्या फ्रिजमध्ये घाला. वॉशिंग मशीन मात्र इतक्यात टाकून देऊ नका.

निम्म्याचा नियम चुकीचा नाही. तो पुरा असा सांगतात: यंत्राचं निम्मं आयुष्य सरलेलं असेल आणि दुरुस्ती नव्याच्या निम्म्याहून महाग पडत असेल, तर नवं घ्यावं. घाईच्या वेळी तो बरा आहे. पण तुमच्याच फ्रिजला लावून बघा. नव्याची किंमत १०० धरा आणि तो १२ वर्षं चालेल असं धरा. वर्षाला सव्वाआठ पडले. जुन्याची दुरुस्ती ३३, म्हणजे नियमात अगदी आरामात बसते. पण गेल्या वर्षी भरलेला गॅस जेमतेम वर्षभर टिकला. म्हणजे त्या थंडाव्याचा भाव वर्षाला ३३ झाला, नव्याच्या चौपट. दुरुस्ती स्वस्त की महाग, हे ती किती टिकणार यावर ठरतं, आणि किती टिकणार हे बिघाड कुठे आहे त्यावरून कळतं. म्हणून मेकॅनिकला पहिला प्रश्न ‘किती होतील?’ असा विचारू नका. ‘नेमकं काय गेलंय आणि ते का गेलं?’ हे विचारा.

झाडाची फांदी मोडली तर आपण झाड तोडत नाही. खोड सडलं असेल तर फांद्यांची छाटणी करून उपयोग नसतो. यंत्राचंही तसंच आहे. दाराचं रबर, पंप, थर्मोस्टॅट, कपॅसिटर, रिले, कार्बन ब्रश, गीझरचं एलिमेंट ही सगळी फांदीच्या जातीची कामं. हे भाग झिजणारच असतात आणि बदलता यावेत म्हणूनच वेगळे बसवलेले असतात. गीझरची टाकी, फ्रिजमधलं गॅस फिरणाऱ्या नळ्यांचं बंद जाळं, वॉशिंग मशीनचा टब हे खोड. तिथे बिघाड पोहोचला की वय बोलायला लागतं.

भाड्याच्या घरात आणखी एक गोष्ट येते, ती आपल्या राहत्या घरात येत नाही. यंत्र तुमचं, पण ते बंद पडल्यावर हाल दुसऱ्याचे होतात. स्वतःच्या घरात आपण चार दिवस कळ काढतो, मेकॅनिकच्या तारखा सोसतो. भाडेकरूने त्या घराचं भाडं चालू यंत्रांसकट मोजलेलं असतं. त्यामुळे मी हिशेबात दुरुस्तीच्या बिलाशेजारी बंद पडलेले दिवस लिहिते. आठ दिवसांनी सुटा भाग येणार असेल आणि नवं यंत्र उद्या बसणार असेल, तर तेवढ्यावरूनही पारडं झुकू शकतं. विशेषतः घरात तान्हं बाळ असताना.

गीझरचं सांगते. ठिबकणारा प्रत्येक गीझर गेलेला नसतो. पाणी तापलं की फुगतं. २० अंशांचं २५ लिटर पाणी ६५ अंशांपर्यंत नेलं तर ते जवळपास अर्धा लिटर वाढतं. त्या दाबाला वाट म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह असतो आणि पाणी तापत असताना त्यातून काही थेंब पडणं रीतसर आहे. तो व्हॉल्व्ह कोणालाही बुच मारून बंद करू देऊ नका. कधी पाइपाच्या जोडातून गळतं, कधी एलिमेंट बसवतात तिथल्या गॅस्केटमधून. या दोन्ही फांद्याच. वीज बंद करून सगळं कोरडं पुसायचं, प्रत्येक जोडाला टिश्यूचा कागद गुंडाळायचा आणि पहिला कोणता भिजतो ते बघायचं, एवढी साधी परीक्षा आहे.

पण तुमच्या पत्रात ‘तपकिरी ओघळ’ आहे. टाकीला आतून गंज लागून पाणी बाहेरच्या आवरणातून पाझरतं तेव्हा ते असा रंग घेऊन येतं. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती टाकीऐवजी स्वतः झिजते, आणि ती संपली की गंज टाकीला धरतो. ११ वर्षांत ती कांडी कधी कोणी बदलली होती का? बहुतेकांना ती असते हेच माहीत नसतं. साठवणीचा गीझर साधारण ८ ते १२ वर्षं जातो, पाण्यात क्षार जास्त असतील तर त्याहूनही कमी. पाझरणाऱ्या टाकीला वेल्डिंग किंवा एम-सील लावून देणारे लोक भेटतील. नको म्हणा. आत वीज आहे, पाणी आहे आणि खाली उभं राहून कोणीतरी बाळाला अंघोळ घालणार आहे.

याच ओघात एक इशारा देते, कारण तो देताना मला नेहमीच काळजी वाटते. गीझर वारंवार बंद पडत असेल तर काही जण कटआउट काढून तार ‘डायरेक्ट’ करून देतात. थर्मोस्टॅट अडकला तर पाणी उकळू नये म्हणून तो कटआउट असतो. पाण्याची वाफ झाली की ती जागा सुमारे १,६०० पट घेते, आणि बंद टाकीत तिला तेवढी जागा मिळत नाही. असं काम केलेलं दिसलं तर यंत्र कितीही नवं असो, लगेच बंद करून नीट करून घ्या. ज्याला हात लावल्यावर मुंग्या येतात किंवा जळका वास येतो, त्या यंत्रालाही हाच न्याय. फक्त एक लक्षात ठेवा, झटका बसतोय म्हणून यंत्र बदललं आणि नव्याचाही झटका बसला, असं पुष्कळदा होतं. दोष घराच्या अर्थिंगमध्ये असतो. नवा गीझर बसवणाऱ्याकडूनच त्या दिवशी अर्थिंग तपासून घ्या, आणि घरात ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवून घ्या.

आता फ्रिज. यावर जरा जास्त लिहिते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

‘गॅस संपला’ हा शब्दप्रयोगच फसवा आहे. फ्रिजमधला गॅस इंधनासारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, फ्रिज असेपर्यंत तोच. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे. ते न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं, आणि गेल्या वर्षी तुमच्याकडे बहुधा तेच झालं. गळती सापडली, ती जागा जोडली, नळ्यांतला ओलावा शोषणारा फिल्टर ड्रायर बदलला, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा ओढली आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरला, असं पूर्ण काम झालं तर त्याला दुरुस्ती म्हणायचं. हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए हा गॅस असतो, तोही १०० ग्रॅमहून कमी. इतक्या थोड्या मालात अंदाजाने भरून चालत नाही. शिवाय तो पेट घेणारा आहे. त्याचं काम माहीत असलेल्या माणसाशिवाय कोणाला तिथे नळ्या जोडायची ज्योत पेटवू देऊ नका. फ्रिजच्या आत किंवा पाठीमागे जी पाटी असते तिच्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतात. आर-१३४ए असं लिहिलेलं असेल तर त्याच्या जागी दुसरा गॅस घालू द्यायचा नाही. मेकॅनिकला विचारा, ‘गळती कुठे आहे, दाखवता का?’ बऱ्याच मॉडेलमध्ये गरम होणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत फोममध्ये पुरलेल्या असतात. गळती तिथे असेल तर हात पोहोचत नाही, आणि ९ वर्षांच्या फ्रिजसाठी ते खोड सडल्यासारखंच आहे.

पण थांबा, गॅसच गेलाय कशावरून? माझ्या एका भाड्याच्या घरात असाच प्रसंग आला होता. फ्रिज थंड करेना. आलेल्या मेकॅनिकने दोन मिनिटांत कॉम्प्रेसर गेल्याचं सांगितलं आणि जो आकडा दिला तो ऐकून मी नवा फ्रिज बघायलाही सुरुवात केली. त्या संध्याकाळी घर मोकळं होतं. मी फ्रिजच्या मागे मोबाइलचा उजेड लावून बसले. ‘टिक्’ असा आवाज आला. मग घूं करून काही क्षण काहीतरी अडखळलं, पुन्हा टिक्, आणि शांतता. तीन-चार मिनिटांनी परत तेच. दुसऱ्या दिवशी ओळखीतल्या दुसऱ्या माणसाला बोलावलं. त्याने कॉम्प्रेसरच्या कुशीतून काडेपेटीएवढा काळा ठोकळा उपटून काढला आणि माझ्या कानाशी धरून हलवला. आत खुळखुळ्यासारखा आवाज. ‘हा रिले, कॉम्प्रेसर सुरू करून देणारा. आतली चकती फुटलीय. बाकी काही नाही.’ नवा रिले बसवल्यावर फ्रिज पहिल्या झटक्यात सुरू झाला आणि पुढे चार वर्षं चालला. तेव्हापासून रिले कानाशी हलवून बघितल्याशिवाय मी कॉम्प्रेसर गेल्याचं मान्य करत नाही.

तुमच्या भाडेकरूंना फोन करून तीन गोष्टी विचारा. वरचा फ्रीझर बर्फ धरतोय पण खालचा कप्पा कोमट आहे का? तसं असेल तर गॅस शाबूत असण्याची शक्यता खूप, आणि बिघाड पंख्यात किंवा बर्फ वितळवणाऱ्या हीटरमध्ये असेल. हे काम बऱ्यापैकी स्वस्तातलं आहे. टिक्टिक् ऐकू येतेय का? मग रिले पाहा. की कॉम्प्रेसर न थांबता चालूच आहे, तरी वर-खाली दोन्हीकडे गारवा नाही? हे गॅस कमी झाल्याचं लक्षण. त्याबरोबर मागची जाळी धुळीने भरलीय का आणि दाराचं रबर घट्ट बसतंय का तेही बघायला सांगा. दारात कागद धरून दार लावायचं. कागद सहज सरकत बाहेर आला तर रबर ढिलं झालंय. हे दोन दोष फ्रिजला पूर्ण बंद पाडत नाहीत, पण दिवसरात्र राबवतात.

गेल्या वर्षी गॅस भरल्यावर वर्षभर बरं चाललं आणि आता पुन्हा तेच, यावरून माझा कल गळतीकडे आहे. तसं निघालं तर नवा घ्या. साधारण १० ते १५ वर्षं चालणाऱ्या वस्तूची ९ वर्षं तुम्ही वसूल केली आहेत. जुना देताना त्यातला उरलेला गॅस हवेत सोडून न देता काढून घेणाऱ्यालाच द्या. आर-१३४ए असेल तर तो हवेत गेल्यावर १०० वर्षांच्या हिशेबाने त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीत अशा गॅसांचा वापर हळूहळू कमी करायचं ठरलं ते त्यामुळेच.

‘नवा घेतला तर वीज वाचेल’ हा मुद्दा दुकानात हटकून निघेल. तो फ्रिजच्या बाबतीत खरा असू शकतो, कारण फ्रिज वर्षाचे ८,७६० तास जोडलेला असतो. जुना दिवसाला २.२ युनिट खात असेल आणि नवा १ युनिट, तर वर्षाला ४३८ युनिटांचा फरक पडतो. अंदाज नको, प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर मिळतं. ते चालू फ्रिजला आठवडाभर लावलं की खरा आकडा कळतो. दुसऱ्या फ्लॅटमधल्या फ्रिजला लावून बघा. गीझरच्या बाबतीत मात्र हे बोलणं फारसं मनावर घेऊ नका. २५ लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला १.१६ युनिट लागतातच, गीझर जुना असो की नवा. नव्यात वाचते ती फक्त तापलेलं पाणी नुसतं राहताना गळणारी उष्णता.

आणि इथे मनातलं बोलते. विजेचं बिल भाडेकरू भरतो आणि फ्रिजची किंमत मालक देतो. म्हणजे बचत त्याच्या खिशात आणि खर्च आपल्या. त्यामुळे पुष्कळ मालक सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वीज खाणारा फ्रिज आणतात, आणि आपण व्यवहार साधला असं समजतात. भाडेकरू दर महिन्याला ते बिल हातात घेऊन बसतो, आणि घर सोडायचा विचार बहुतेक वेळा अशाच छोट्या छोट्या गोष्टींनी सुरू होतो. घर एक महिना रिकामं राहिलं तर चांगल्या आणि साध्या फ्रिजमधल्या फरकाहून जास्त पैसे बुडतात. मला त्या हिशेबापेक्षाही हे महत्त्वाचं वाटतं की आपण ज्याला घर दिलं त्याच्यावर आपल्या काटकसरीचा भार टाकू नये.

वॉशिंग मशीनकडे येते. बेअरिंग एकटं जात नाही. आधी ड्रमच्या मागचं ऑइल सील झिजतं, तिथून पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ते गंजतं आणि मग ती घरघर सुरू होते. मिनिटाला १,२०० फेऱ्यांवर पिळताना ४८ सेंटिमीटर व्यासाच्या ड्रमची कड ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाने फिरत असते. त्या वेगात ढिलं झालेलं काहीही दिवसागणिक आणखी ढिलं होतं. म्हणून ‘चालतंय तोवर चालवू’ हे मिस्टरांचं म्हणणं या यंत्राला लागू पडत नाही. आज बेअरिंग आणि सील बदलून भागेल, उशीर केला तर ड्रमला मागून धरणारा तीन हातांचा सांगाडाही जाईल. त्याला मेकॅनिक स्पायडर म्हणतात. दुरुस्ती होईपर्यंत पिळण्याच्या फेऱ्या कमीत कमी ठेवायला सांगा.

मशीन बंद ठेवून, दार उघडून ड्रम वरच्या कडेला धरून वर-खाली हलवायला सांगा. रबराच्या आतला ड्रम बाहेरच्या टबाला सोडून वेगळा हलला तर बेअरिंगमध्ये खेळ आलाय. दोन्ही एकत्र झोके घेत असतील तर ते स्प्रिंगांवरचं नेहमीचं हलणं आहे. मग हाताने हळू फिरवून ऐकायचं. खरखर सगळ्या फेरीभर असेल तर बेअरिंग. एकाच जागी टकटक होत असेल तर नाणं किंवा कपड्यातली तार मध्ये अडकलेली असू शकते, आणि तेवढ्यासाठी कोणी बेअरिंगचे पैसे घेऊ नयेत.

बेअरिंगच निघालं तर एक प्रश्न उरतो. तुमच्या मॉडेलचा टब स्क्रूने जोडलेला आहे की सीलबंद? स्क्रूचा असेल तर बेअरिंग आणि सीलची किंमत थोडी, मेहनत मोठी. अर्धा दिवस मशीन खोलून पसरावं लागतं. स्पायडर धड असेल तर हे जरूर करा, ६ वर्षांच्या मशीनला पुढची चार-पाच वर्षं मिळायला हरकत नाही. टब कारखान्यातूनच चिकटवून बंद केलेला असेल तर अख्खा टब बदलावा लागतो आणि खर्च निम्म्याच्या घरात जातो. तिथे तुम्ही ऐकलेला नियम कामाला येतो. निम्म्याच्या पुढे गेलं तर नवं.

भावाचं तिन्ही एकदम बदलण्याचं म्हणणं मला पटत नाही. चांगलं मशीन टाकून द्यावं लागतं हे एक, आणि एका दिवशी घेतलेली यंत्रं पुढे एकाच सुमाराला म्हातारी होतात हे दुसरं. सगळी बिलं पुन्हा एका वर्षात येतील.

पैसे कोणी द्यायचे ते भाडेकरारात काय लिहिलंय त्यावर आहे, आणि लिहिलं नसेल तर पुढच्या करारात नक्की लिहा. माझी कसोटी साधी आहे. वापरून झिजलं की चुकीने मोडलं? गंजलेली टाकी, गळालेला गॅस, झिजलेलं सील हे वयाचे दोष आहेत. तुमच्या तिन्ही यंत्रांत भाडेकरूंकडे बोट दाखवण्यासारखं मला काही दिसत नाही. आणि उद्या खरंच कोणाच्या हातून काही मोडलं, तरी डिपॉझिटमधून नव्याची पूर्ण किंमत कापू नये. १२ वर्षांच्या वस्तूची ९ वर्षं गेली असतील तर तिच्यात पाव हिस्साच उरलेला होता. मागायचं तर तेवढंच मागावं.

नवं घेताना भाड्याच्या घरासाठी मी साधं यंत्र निवडते. फिरवायची बटणं, कमी इलेक्ट्रॉनिक कार्डं, ज्याचे भाग सहज मिळतात असं मॉडेल, आणि जमल्यास दोन्ही फ्लॅटमध्ये एकाच कंपनीचं. आपल्या घरातलं जुनं भाडेकरूकडे पाठवून आपल्याला नवं, हे करू नका. सात-आठ वर्षांचं यंत्र हलवताना निम्मे आजार प्रवासातच लागतात.

आणि आजपासून एक वही ठेवा. प्रत्येक यंत्राचं एक पान: पाटीचा फोटो, खरेदीची तारीख, बिल, वॉरंटी, आणि प्रत्येक दुरुस्तीत कोणता भाग गेला आणि त्याचं काय कारण सांगितलं. गेल्या वर्षीच्या पानावर ‘गळती शोधली नाही’ एवढं लिहिलेलं असतं तर यंदाचा निर्णय तुम्ही फोनवरच केला असता. वहीतून एक वेगळीच गोष्टही कळते. एकाच घरात वर्षात दोन यंत्रांची कार्डं जळली असतील तर दोष यंत्रांचा नसून त्या घराच्या व्होल्टेजचा आहे.

आता त्या बाळाच्या आईबाबांना आजच निरोप पाठवा. मी असा लिहिला असता: ‘गीझर कृपया बंदच ठेवा, नवा बसवायची व्यवस्था करतेय, वेळ आज कळवते. फ्रिजबद्दल तीन गोष्टी विचारायच्या आहेत, पाच मिनिटं फोन करू का? तोवर बाळाचं दूध फ्रिजमध्ये ठेवू नका, आत ५ अंशांच्या खाली राहत नसेल तर ते धोक्याचं आहे. दोन दिवसांत निकाल लागला नाही तर छोटा फ्रिज भाड्याने आणून देते, त्याचा खर्च माझा.’ कधी काय होणार हे माणसाला कळलं की तो दोन दिवस निभावून नेतो. काहीच कळलं नाही की एक दिवसही जड जातो.

वॉशिंग मशीनचा ड्रम हलवून काय जाणवलं ते मात्र मला कळवा. टब कोणत्या जातीचा आहे हे मॉडेलच्या नंबरावरून कळू शकतं, पाटीचा फोटो सोबत पाठवा.